गाडी कुणाची, सोबत कोण?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी येथे देत आहोत.)



आज मला बाळंतपण आणि दवाखाना यावर बोलायला सांगितलंय. मी पहिल्यांदा एका वाडीवर या विषयावर बोलायला उभी राहिले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पोरी, तुला काय माहीत कळा काय असतात?" खरंच होतं. माझं लग्न झालेलं नाही. म्हणून कळांबद्दल मी तुम्हाला काही शिकवणार नाही. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून जे पाहिलं, तेवढंच सांगते.

मागच्या पावसाळ्यात आपल्या एका गटाची बैठक होती. सासूबाईंबरोबर त्यांची सून आलेली. पहिलटकरीण, आठवा महिना. भिंतीला डोकं टेकून बसली होती. "डोकं लई दुखतंय," म्हणाली. पाय सुजले होते, तोंडही सुजलेलं. आपण काय म्हणालो? "चहा घे, बरं वाटेल." मग बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते आले, दप्तर लिहून झालं. मी सही केली आणि निघाले. हो, मी त्या बैठकीत होते.

दोन दिवसांनी रात्री तिला डोळ्यांपुढे अंधारी आली. नवरा खोपोलीला कंपनीत रात्रपाळीला. घरात ठरलं, सकाळी बघू. पहाटे झटके आले. गाडी वाडीपर्यंत येत नव्हती, रस्ता वाहून गेलेला. झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणली. पोरगी वाचली. बाळ नाही वाचलं. नंतर मी तिचं कार्ड उघडून पाहिलं. आधीच्या तपासणीत बीपी लिहिला होता, १५०/१००. घरात कुणालाच तो आकडा वाचता आला नव्हता. आणि ज्यांना आला असता, त्या मी आणि गटाच्या सचिव, आम्ही कार्ड मागितलंच नव्हतं.

ताईंनो, डॉक्टर लोक म्हणतात, बाळंतीण दगावते ती तीन उशिरांमुळे. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवायला. दुसरा वाटेत, गाडी मिळायला. तिसरा दवाखान्यात, उपचार सुरू व्हायला. तिसऱ्या उशिराचा जाब आपण सरकारला विचारायचा, ग्रामसभेत विचारायचा. पण पहिले दोन उशीर आपल्या वाडीतले आहेत. ते आपण कमी करू शकतो.

आता दवाखान्यात काय मिळतं ते नीट ऐका. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. कशेळ्याला आणि चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र आहे. दिवस राहिले की तीन महिन्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवायचं आणि कार्ड घ्यायचं. बाळंतपणापर्यंत कमीत कमी चार तपासण्या. त्यात वजन, बीपी, रक्त, लघवी, रक्तगट, पोटावरून बाळाची तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन. दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांची डॉक्टरांकडून खास तपासणी असते.

कार्डावरचे दोन आकडे प्रत्येकीने ओळखायला शिका. रक्त म्हणजे हिमोग्लोबिन: ११ च्या खाली गेलं तर कमी, ७ च्या खाली गेलं तर धोका, मोठ्या दवाखान्यात जायलाच हवं. बीपी: १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लोहाच्या गोळ्या रोज एक, कमीत कमी १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नका, अंगाला लागत नाहीत. शौच काळी होते म्हणून घाबरून बंद करू नका. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही: अंगावरून रक्त जाणं, खूप डोकं दुखणं, अंधारी, तोंडावर-हातावर सूज, झटके, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर काही तासांत बाई जाऊ शकते. म्हणून साधं बाळंतपण झालं तरी दोन दिवस दवाखान्यातच राहायचं. "घरी कामं पडलीत" म्हणून दुसऱ्या दिवशी उठून येऊ नका.

खर्चाची भीती वाटते, मला माहीत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, सगळं मोफत. जेवणही मोफत, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस. घरून नेणं, मोठ्या दवाखान्यात पाठवणं आणि परत घरी सोडणं, ही गाडीही मोफत. त्यासाठी १०२ लावा, जिवावर बेतलं असेल तर १०८. कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि आम्हाला सांगा.

काही बाया म्हणतात, "तिथे पुरुष डॉक्टर असतो, लाज वाटते." लाज वाटण्यात चूक नाही. आपल्याच रेल्वेलाईनवरच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. बाईला बाई डॉक्टर हवी म्हणून त्या परदेशात शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. तुम्हीही हक्काने सांगा, तपासताना सिस्टर जवळ असू दे. कळांच्या वेळी आपली एक बाई सोबत ठेवता येते, तेही विचारा. कुणी अंगावर ओरडलं तर गप्प घरी येऊ नका, आपण गट म्हणून जाऊन बोलू.

मावश्यांनो, आता तुमच्याशी. त्या विभागात फक्त पोटुशी बाया जात नाहीत. अंग बाहेर येणं, सतत पांढरं जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, हे सगळं तिथेच दाखवायचं. तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकीने गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यावी. तुम्ही वर्षानुवर्षं अंगावर काढता. मी पाहिलंय, ज्या घरात सासू स्वतः तपासून आली, त्या घरातली सून वेळेवर जाते. ज्या सासूने कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, ती सुनेलाही "सकाळी बघू" म्हणते.

वीटभट्टीवर जाणाऱ्या माझ्या बहिणींनो, दिवाळीनंतर निघताना कार्ड पेटीत ठेवून जाऊ नका. बरोबर न्या. आशाताईंना कुठे चाललात ते सांगा. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यातही तेच कार्ड चालतं.

आता माझी मागणी. सातव्या महिन्यात आपण ओटी भरतो. साडी कुठली, फळं कुठली, कोण कोण येणार, सगळं आधी ठरतं. मग गाडी कुणाची हे का ठरत नाही? यापुढे प्रत्येक बैठकीत बचत गोळा करण्याआधी पाच मिनिटं काढा. वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड उघडा आणि दप्तरात चार गोष्टी लिहा. तारीख कोणती आणि रक्त-बीपी किती? बाळंतपण कुठे? १०२ आली नाही तर गाडी कुणाची, ड्रायव्हरचा नंबर काय? नवरा घरी नसेल तर सोबत कोण आणि निघायचं हे कोण ठरवणार? पावसाळ्यात तारीख असेल आणि वाडी उंचावर असेल तर आठवडाभर आधीच खाली नातेवाइकांकडे आणून ठेवा. गाडीभाडं लागलं तर ग्रामसंघातून द्या, जोखीम प्रवणता निधी त्यासाठीच आहे. ठराव आजच लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता सह्या शोधायला नकोत.

ती सून आता पुन्हा गरोदर आहे. पाचवा महिना. गेल्या बैठकीत तिचं कार्ड सगळ्यांत आधी उघडलं ते तिच्या सासूबाईंनी. बीपी स्वतः वाचला, बोटाने आकडा दाखवून. ड्रायव्हरचा नंबर त्यांनी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलाय.

तुमच्या वाडीतली कोण गरोदर आहे, ते आज घरी जाताना विचारा. पुढच्या सभेला मी आधी दप्तरातलं ते पान बघेन, बचतीचं नंतर.