अचूक वजन : साबण उद्योगाचा पाया

(कपिलधार, जि. बीड येथे महिला बचत गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बीड तालुक्यात, मांजरसुंब्यापासून जवळच डोंगराच्या कुशीत वसलेले कपिलधार हे संत मन्मथस्वामींच्या समाधीने पावन झालेले क्षेत्र होय. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येथे येतात. ज्या वीरशैव परंपरेचे हे क्षेत्र, त्या परंपरेने प्रामाणिक श्रमाला 'कायक' म्हणून पूजेचा मान दिला. अशा ठिकाणी हाताने केलेला साबण विकावयाचा, तर त्या श्रमात दोन गोष्टींची हमी हवी. एक म्हणजे साबण निर्धोक असावा आणि दुसरी म्हणजे वजन पुरे असावे. या दोन्हींचे मूळ एकाच वस्तूत आहे आणि ती वस्तू म्हणजे तराजू.

वजनाची चूक कातडीवर उमटते

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा ठरलेला असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, करडई तेलाला सुमारे 0.137 ग्रॅम आणि एरंडेलाला सुमारे 0.128 ग्रॅम सोडा लागतो. आता 300 ग्रॅम खोबरेल, 600 ग्रॅम करडई आणि 100 ग्रॅम एरंडेल असे एक किलो तेल घेतले, तर सोड्याचा हिशेब अनुक्रमे 54.9, 82.2 आणि 12.8 ग्रॅम, म्हणजे एकंदर सुमारे 150 ग्रॅम येतो. सोडा शिल्लक राहून त्वचा भाजू नये म्हणून तो शेकडा पाचने कमी घेण्याची पद्धत आहे. म्हणजे प्रत्यक्षात घ्यावयाचा सोडा सुमारे 142 ग्रॅम. सुरक्षिततेसाठी हाताशी राहिलेली सूट केवळ सात-आठ ग्रॅमची!

येथेच एक जुनी सवय घात करते. 'लिटर म्हणजेच किलो' असे समजून तेल मापाने घेतले जाते. वस्तुतः लिटरभर तेलाचे वजन साधारण 915 ग्रॅम भरते. तेवढ्या तेलाला 137 ग्रॅमच सोडा पुरतो. त्यात 142 ग्रॅम पडला, की पाच ग्रॅम सोडा वडीत मोकळा राहतो. दिसायला ती वडी इतर वड्यांसारखीच असते, पण एखाद्या लेकराच्या अंगाला ती लागली म्हणजे चूक कळते. तोवर गटाचे नाव गावभर झालेले असते. म्हणून तेल, पाणी आणि सोडा हे तिन्ही वजनानेच घ्यावेत, मापाने कदापि घेऊ नयेत.

कोणता काटा घ्यावा?

काटा घेताना बहुतेकांची पहिली विचारणा 'किती किलोचा?' अशी असते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न 'किती ग्रॅमचा भाग दाखवतो?' हा आहे. किराणा दुकानात पाच ग्रॅमच्या भागाचे काटे पुष्कळ असतात. धान्याला ते पुरेसे होतात. परंतु अशा काट्यावर 142 ग्रॅम सोडा 140 किंवा 145 असाच दिसणार. त्यात काट्याची नियमाने क्षम्य असलेली चूक मिळवली, की सात-आठ ग्रॅमची ती सूट पासंगालाही पुरत नाही. यास्तव पाच किंवा दहा किलो क्षमतेचा, एक ग्रॅमचा भाग दाखवणारा, मध्यम अचूकतेचा म्हणजे तिसऱ्या वर्गाचा काटा या उद्योगाला योग्य ठरतो. या वर्गाच्या काट्यावर भागाच्या वीसपटीपेक्षा कमी वजन करू नये, असा दंडक आहे. म्हणजे एक ग्रॅमच्या काट्यावर 20 ग्रॅमपासून पुढे. सुगंधी तेलासारख्या याहून अल्प वस्तूंसाठी अधिक बारीक भागाचा छोटा काटा वेगळा ठेवावा.

वीज जाण्याचा अनुभव लक्षात घेता काटा बॅटरीवर चालणारा असावा. रिकाम्या भांड्याचा धडा करून आकडा शून्यावर आणण्याची सोय असावी. पारडे पोलादी असावे. सोड्यासाठी अॅल्युमिनियमचे भांडे मुळीच वापरू नये, कारण सोडा त्या धातूला खातो. तसेच सोडा हवेतील ओल झपाट्याने शोषतो. धबधब्याकाठच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेल्या सोड्यात आपण पाणीच मोजत असतो. तेव्हा डबा उघडावा, वजन करावे आणि लगेच झाकण लावावे. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये.

विक्री आणि कायदा

घरगुती उपयोगाचे स्वस्त काटे बाजारात मिळतात. त्यांवर शासकीय मोहोर नसते. अशा काट्यावर तोलून विक्री करणे बेकायदा आहे. वैधमापनशास्त्र अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2011 पासून अंमलात आला. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर 12 महिन्यांनी, तर दांडीच्या तराजूची व वजनांची दर 24 महिन्यांनी करून घ्यावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र विक्रीच्या जागी दिसेल असे लावावे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत ही माहिती छापावी. अंगाचा साबण विक्रीसाठी बनवताना अन्न व औषध प्रशासनाचा परवानाही लागतो, हे विसरू नये.

ताज्या साबणात पाणी असते. चार ते सहा आठवडे वाळताना वडी हलकी होत जाते. ओली वडी 100 ग्रॅमची कापून वेष्टनावर 100 ग्रॅम छापले, तर यात्रेत ती नक्की कमी भरेल. हेतू शुद्ध असूनही गिऱ्हाईक त्याला लबाडीच म्हणेल. याला उपाय सोपा आहे. दहा वड्यांवर खूण करून त्यांचे वजन दर आठवड्याला वहीत टिपावे. घट थांबली, की ती किती झाली हे कळते. पुढील वेळी तेवढी जादा धरून वडी कापावी आणि वेष्टन करण्यापूर्वी प्रत्येक वडी पुन्हा तोलावी.

गावाने करावयाचे काम

शासकीय पडताळणी वर्षातून एकदा होते, पण काट्याची परीक्षा दर आठवड्याला घेता येते. काटा सपाट जागी, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावा. ज्ञात वजन पारड्याच्या मध्यभागी व चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा तोच येतो का, ते पाहावे. तेच वजन तीनदा उचलून पुन्हा ठेवावे. या कामी शाळेच्या प्रयोगशाळेतील वजनपेटी उपयोगी पडेल. शिक्षकांनी ती उपलब्ध करून दिली, तर मुलांनाही दशांशाचा धडा पुस्तकाबाहेर शिकता येईल. ग्रामपंचायतीने वैधमापन निरीक्षकांशी पत्रव्यवहार करून यात्रेपूर्वी गावातील सर्व काट्यांची पडताळणी एकाच दिवशी करून घेतल्यास छोट्या विक्रेत्यांचे हेलपाटे वाचतील.

वजनमापांवर राज्याची देखरेख ही आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यासाठी पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. शेर-छटाकांचा गोंधळ संपवून देशाने 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने स्वीकारली, तीही व्यवहार सरळ व्हावा म्हणूनच. मात्र कायदा दुकानाच्या दारापर्यंतच येतो. पारड्यात सोडा टाकणारा हात गटातील भगिनीचाच असतो. तो हात घाई न करता आकडा स्थिर होईपर्यंत थांबला, तर कपिलधारहून साबण घेऊन गेलेला भाविक पुढच्या कार्तिकात त्याच दुकानाचा पत्ता विचारीत येईल.