जुन्या छायाचित्रांतले हरवलेले रंग



आपल्या मनात भूतकाळाला एक ठराविक रंग असतो. पणजोबांचा काळ म्हटला की तो करडा, फार तर पिवळसर तपकिरी. लहान मुले सरळ विचारतात, तेव्हा जग काळे-पांढरेच होते का? आपण हसतो, पण आपणही थोडेफार तसेच समजत असतो. मालवण बंदराचे शंभर वर्षांपूर्वीचे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटले, तर गलबतांची शिडे करडी, समुद्र करडा आणि माडही करडेच उभे राहतात. वास्तविक तेव्हाही रतांबे लालच पिकत होते आणि पहिल्या पावसात भिजलेला जांभ्याचा चिरा आजच्याइतकाच तांबडा दिसत होता. रंग जगातून गेला नव्हता, तो काचेवर उतरत नव्हता, एवढेच.

तो काचेवर उतरवण्याची बाजारात मिळणारी पहिली सोयीची रीत फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी काढली. हे बंधू आपल्याला परके नाहीत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला तो त्यांचाच. रंगीत छायाचित्राच्या काचेला त्यांनी ऑटोक्रोम हे नाव दिले. १९०३ साली तिचे पेटंट घेतले आणि १९०७ पासून ती विकायला आणली. आता गंमत ऐका. या काचेचा जीव बटाट्यात आहे! बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, त्यांचे तीन वाटे करून एक नारिंगी, एक हिरवा आणि एक जांभळट निळा रंगवायचा, मग तिन्ही एकत्र करून चिकट काचेवर पसरायचे आणि दाबून चपटे करायचे. कणांमधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि त्यावर प्रकाशाने पालटणाऱ्या चांदीच्या क्षाराचा थर द्यायचा. प्रकाश आधी कणांतून गाळून जातो व मग त्या थरावर पडतो. लाल पदराचा प्रकाश नारिंगी कणांतून पार होतो, हिरव्या कणांपाशी अडतो. काच धुऊन तयार झाली की त्याच कणांतून आपण उलट बाजूने पाहतो आणि पदर पुन्हा लाल दिसतो. म्हणजे हा रंग कोणी कुंचल्याने भरलेला नाही. त्या दिवशीच्या त्या उन्हाने स्वतः दिलेली ती साक्ष आहे.

साक्ष असली तरी ती संथ होती. भर उन्हातसुद्धा सेकंदभर किंवा अधिक काळ भिंग उघडे ठेवावे लागे. ओढल्या जाणाऱ्या रापणीचे चित्र अशा काचेवर घेऊ म्हटले तर माणसांच्या जागी धूर दिसेल. म्हणून त्या काळच्या रंगीत चित्रांतली माणसे खांबासारखी उभी असतात.

आल्बेर कान नावाच्या फ्रेंच सावकाराने सगळे जग असे टिपून ठेवायचे मनात घेतले. १९०९ ते १९३१ या काळात त्याने पदरच्या पैशाने माणसे देशोदेशी धाडली आणि सुमारे ७२ हजार ऑटोक्रोम काचा जमवल्या. १९२९ च्या मंदीत त्याचे दिवाळे निघाले, पण काचा वाचल्या. पॅरिसजवळच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. त्याचा स्टेफान पासे हा छायाचित्रकार १९१३ च्या अखेरीस मुंबईला उतरला आणि पुढे उत्तर हिंदुस्थानात गेला. अशा चित्रांना मी आंधळेपणाने मान डोलावणार नाही. परदेशाहून रंगाची काच घेऊन आलेल्या माणसाची नजर रंगीबेरंगी पोशाखाकडेच जाणार. पंचा नेसून शेतात राबणारा त्याला कशाला हवा? तरीही ज्या पदराकडे त्याने काच वळवली, त्या पदराचा रंग तो खरा.

आता आपल्या घरांतल्या चित्रांकडे वळू; आपल्याला खरे देणेघेणे तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या नेहमीच्या काचांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक, कपाळावरचे कुंकू काळे. हिरवे लुगडे काळपट आणि तांबडे आलवणही काळपट. आलवण म्हणजे काय, हे इथल्या तरुणांना कदाचित सांगावे लागेल. ब्राह्मण घरांत नवरा मेला की बाईचे केशवपन करीत आणि तिला तांबडे आलवण नेसवीत. ज्या रूढीविरुद्ध महर्षी कर्व्यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केला, तिची ती उघड खूण. नव्या नवरीचे हिरवे लुगडे आणि मागच्या रांगेतल्या आत्याबाईंचे आलवण त्या काचेवर एकाच काळोखात गेले. एका घरातले सर्वांत मोठे सुख आणि सर्वांत मोठे दुःख यांतला फरकच पुसला गेला. जाणता माणूस मोकळे कपाळ आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर पाहून ओळखील. पण चित्र लहान, चेहरा पुसट, आणि जाणती माणसे आता किती उरली?

अशा वेळी हल्लीचे संगणक मदतीला धावतात. जुने चित्र घातले की क्षणात रंगीत होऊन बाहेर येते आणि घरची मंडळी हरखून जातात. पण ते यंत्र करते काय? काळ्या-पांढऱ्या चित्रात फक्त उजेड किती हे असते. एकाच उजेडाचे दहा रंग निघतील. यंत्राने लाखो नवी चित्रे पाहिलेली असतात आणि त्यांत जे बहुधा आढळते ते ते इथे चढवते. आत्याबाईंना ते खुशाल निळे पातळ नेसवील! पूर्वी स्टुडिओतला रंगारीही फोटोवर रंग चढवीतच असे, पण लुगडे कोणत्या रंगाचे होते हे तो घरच्यांना विचारू तरी शकत होता. चुकला तर त्याची चूक कुंचल्याच्या फटकाऱ्यावरून दिसे. यंत्राची चूक दिसत नाही, हीच मला तिची भीती वाटते.

तीच गोष्ट जाळ्यांची. नायलॉन येण्यापूर्वी सुती जाळी टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, त्याने ती तांबूस तपकिरी होत. यंत्राला नायलॉनचीच जाळी ठाऊक. ते दांडीच्या किनाऱ्यावर निळी-हिरवी जाळी वाळत घालील आणि आपली नातवंडे तेच खरे मानतील.

कॅमेऱ्यापूर्वीच्या काळाचे काय, असे कोणी विचारील. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चित्रकथी आहेत, सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा आहे. त्यांतून लोकांना कोणते रंग आवडत होते ते कळते. कोण काय नेसत होते ते कळेलच असे नाही. आणि पुराणकाळ रंगात दाखवण्याची हौस तर प्रभातनेही केली. १९३३ च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत काढून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. असो.

आपल्यात ऐंशी-नव्वदीची माणसे अजून आहेत. त्यांच्यापुढे घरचा जुना फोटो ठेवा आणि एकेकाचा रंग विचारा. ते सांगतील ते फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, फार न दाबता लिहा. शाईने नको, ती पुढे उमटते. लुगड्याचा रंग, काठाचा रंग, पागोट्याचा रंग, दाराचा रंग. आणि खाली, तो कोणी सांगितला त्याचे नाव व तारीख.