आजार एकच, पण त्रास सारखा नाही
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने मुलाच्या दवाखान्याला जाण्या-येण्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलाला हिमोफिलिया आहे. लगेच दुसरी म्हणाली, "माझ्या भाच्यालाही तेच आहे, तो तर क्रिकेट खेळतो. तूच पोराला फार जपतेस." ताई गप्प बसली. मीही गप्प बसले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून ताईला विचारूनच आज बोलतेय.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक कमी असतो, त्याला फॅक्टर म्हणतात. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. पण फॅक्टर किती कमी, यावर त्रास ठरतो. निरोगी माणसात तो १०० धरा. काही मुलांत १ पेक्षाही कमी असतो, तो तीव्र प्रकार. पोर रांगायला लागलं की अंगावर काळे-निळे डाग दिसतात, पुढे मार न लागताही गुडघ्यात रक्त साचतं. १ ते ५ असेल तर मध्यम. ५ ते ४० असेल तर सौम्य, कधी कधी दात काढतानाच कळतं. मग एकाकडे बघून दुसऱ्याच्या आईला कसं बोलायचं?

सासरी म्हणतात, "हिच्यामुळेच झालं." पण यात कुणाची चूक नाही. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी. तीनातल्या एका रुग्णाच्या घरात तर आधी कुणालाच नसतो. वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तपासून घ्या.

लक्षात ठेवा: सांधा सुजला तर चोळायचा नाही, शेकायचा नाही. बर्फ लावा आणि फॅक्टर मिळेल त्या दवाखान्यात लगेच न्या. डोक्याला लागलं तर वाट बघूच नका. अ‍ॅस्पिरिन नको, दंडात-कमरेत इंजेक्शन नको. डॉक्टरांना आजार आधी सांगा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही हिमोफिलिया आहे, प्रमाणपत्रासाठी विचारा.

ताईचा अर्ज पुढच्या बैठकीत परत येणार आहे. तेव्हा भाच्याचं क्रिकेट नको, या पोराचा सुजलेला गुडघा बघा. या वेळी मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.