दोन बिलं

पुढच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही मंडपाच्या खांबाला टेकून मागंच उभे राहिलेले माझे गाववाले,

कवठे महांकाळात साहित्याचा मांडव पडला की अध्यक्षानं दुष्काळावर बोलायचं, असा रिवाज आहे. मीही तो मोडत नाही. फक्त माझ्या हातात आज कविता नाही, दोन कागद आहेत. एक शेतीपंपाचं वीजबिल, दुसरा दिल्लीत शिजत असलेल्या कायद्याचा मसुदा. बोलताना आपण दोन्हींना बिलच म्हणतो.

पहिल्या कागदाची गोष्ट आधी. आमच्या वस्तीवरच्या एक काकू बिल घेऊन माझ्याकडं आल्या. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत वीज मोफत केली आहे, हे त्यांच्या कानावर होतं. कागदावर भरायची रक्कम शून्य. "मास्तर, ह्यो आकडा खरा का?" म्हटलं, खरा. मग त्यांनी बिलाची चौघडी केली आणि सातबारा, सोसायटीच्या पावत्या ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, तिच्यात सारली. शून्याचं बिल कशाला जपताय, विचारलं. म्हणाल्या, "पाच वर्सांनी मागितलं, तर दाखवाया नको?"

योजनेचा शासन निर्णय मी दोनदा वाचला होता. ही शंका मला आली नव्हती. वीज मोफत झाली तरी ती कुणीतरी विकत घेतलेलीच असते. राज्यातल्या 44 लाखांवर शेतीपंपांसाठी सरकारनं वर्षाला 14,760 कोटी रुपयांचा हिशेब मांडला आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 65 प्रमाणं सरकारला अशी सवलत द्यायची तर रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणजे काकूंचं शून्य दर वर्षी अर्थसंकल्पात नव्यानं जन्माला येतं.

आणि हे झालं विहिरीवरच्या मोटारीचं. आपल्या तालुक्याचं पाणी तिथं संपत नाही. म्हैसाळच्या उपसा योजनेत कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत मिरज, कवठे महांकाळ, जतपर्यंत येतं. आयुष्यातली पहिली पन्नास वर्षं मी अग्रणी नदीच्या पात्रात वाळूच पाहिली. पुढं कालव्याला पाणी आलं तेव्हा माणसं ते नुसतं बघायला बैलगाड्या, मोटारसायकली घेऊन गेली होती. त्या पाण्याला उतार नाही, वीज आहे. साधा हिशेब करा. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. ते शंभर मीटर वर चढवायचं, तर पंपातली, नळातली गळती धरून ऐंशीएक युनिट जातात. एक एकर, एक पाळी. असे किती एकर आणि किती पाळ्या, ते तुम्हीच गुणा. या पंपांना साडेसातची सवलत नाही. तिथं वीजबिलातला 81 टक्के भार सरकारनं आणि 19 टक्के लाभधारकांनी उचलायचा, असं सूत्र ठरलं. ते ठरण्याआधी थकबाकीपायी पंप बंद राहिले, ते दिवस इथल्या बागायतदाराला विसरता येणार नाहीत. समोर द्राक्षाची काडी तहानलेली आणि वर्तमानपत्रात आकडे.

आता दुसरा कागद. वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळं मुंबई आणि दिल्ली, दोघांचाही हात त्यात असतो. 2022 मध्ये लोकसभेत आलेलं विद्युत सुधारणा विधेयक स्थायी समितीकडं गेलं आणि लोकसभेची मुदत सरताच बाद झालं. मग 9 ऑक्टोबर 2025 ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं नवा मसुदा लोकांपुढं ठेवला, हरकतींना तीस दिवस. त्या तीस दिवसांत इथं काय चाललं होतं? द्राक्षाची छाटणी, काडीला पेस्ट, आणि लांबलेल्या पावसाशी भांडण. मराठीत तो मसुदा मला कुठं मिळाला नाही.

त्यातला कळीचा शब्द 'क्रॉस सबसिडी'. त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा मी जत्रेची वर्गणी सांगतो. पेठेतला दुकानदार हजार देतो, रोजगारी वीस देतो, आणि पंगतीत खीर दोघांना सारखीच. कुपवाडच्या कारखान्याला चढा दर, शेताला उतरता, ही तीच वर्गणी. मसुदा म्हणतो, कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरची ही वर्गणी पाच वर्षांत संपवा, दर खर्चाइतका ठेवा. एकाच तारेवरून दोन-तीन कंपन्यांनी वीज विकायची वगैरे गोष्टीही आहेत. त्यांत आज शिरत नाही.

शब्दांवर जगणाऱ्यांना मात्र एक गंमत सांगायलाच हवी. 2003 च्या कायद्यात, कलम 61 मध्ये, ही क्रॉस सबसिडी 'कमी करावी आणि नष्ट करावी' अशा अर्थाची शब्दरचना होती. 2007 मध्ये त्यातलं 'नष्ट करावी' काढून टाकलं. अठरा वर्षांनी उद्योगांपुरतं ते परत येऊ बघतंय. एका क्रियापदासाठी आपण संपादकाशी महिनाभर अबोला धरतो. हे क्रियापद आलं, गेलं, पुन्हा आलं, आणि आपल्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

कारखानदाराची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्याच कारखान्यांत आमची पोरं कामाला आहेत, इचलकरंजीचा मागवाला विजेच्या दरापायी रडतो ते ढोंग नव्हे. पण दुकानदारानं वर्गणी थांबवली की खीर कुणी शिजवायची, हे मसुद्यानं राज्याच्या तिजोरीवर सोडलंय, आणि तिजोरीचा भरवसा किती, ते काकूंना विचारा. माझं मत असं की पाच वर्षांची मुदत घालण्याआधी उपसा योजनांचा वेगळा विचार कायद्यातच लिहिलेला हवा, सवलतीच्या परिपत्रकात नको. परिपत्रक बदलायला एक दुपार पुरते.

हे सगळं आमच्या लिहिण्यात कुठं आहे? शेजारच्या आटपाडीतल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली तेव्हा पाऊस हुकला की वाडी उठत होती. ते खरं होतं. त्यानंतर आम्ही लिहिणारे मान वर करून आभाळाकडंच बघत राहिलो. माझ्या चार पुस्तकांत विहीर आहे, मोट आहे, नक्षत्रं तर पानापानांवर. पंपगृह एकाही पुस्तकात नाही. रात्री दीडला लाइट येते म्हणून बॅटरी घेऊन बांधावरून जाणारा, स्टार्टरचं हिरवं बटण दाबून मोटारीचा आवाज कानानं जोखणारा माणूस मी रोज बघतो, तोही नाही. वीज नियामक आयोगापुढं दरवाढीची जाहीर सुनावणी असते, तिथं शेतकरी उभा राहून बोलतो. एवढं नाट्य समोर असून मी एकही सुनावणी ऐकायला गेलो नाही.

म्हणून संयोजकांना माझी एक मागणी आहे. पुढच्या वर्षी परिसंवादाचं एक सत्र कमी करा आणि त्या वेळात हा मसुदा मराठी करून इथंच मोठ्यानं वाचा. कंटाळवाणा होईल, कबूल. कवितावाचनालाही लोक उठून जातातच.

मागची दोघं आत्ताच उठली, त्यांना अडवू नका. या आठवड्यात आमच्या फिडरला दिवसपाळी आहे आणि घड्याळात सव्वाबारा झालेत.