चैत्रातला परस

(परंडा येथे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माहिती खात्याचा माणूस बोलावयास उभा राहिला की आता योजनांची यादी ऐकावी लागणार, असे श्रोते धरून चालतात आणि बहुधा त्यांचे चुकत नाही. आज मात्र मी आपणांपुढे माझ्या स्वतःच्या घरामागील परसाविषयी बोलणार आहे. विषय लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु येथे बसलेल्यांपैकी बरीच मंडळी माझ्यासारखीच बदलीने वा नेमणुकीने या तालुक्यात आलेली आहेत. शहरातून येताना आपण ट्रंका, भांडी आणि पुस्तके बरोबर आणतो, त्याचप्रमाणे ऋतूंविषयीच्या काही कल्पनाही आणतो. त्या कल्पना येथे कितपत टिकतात, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझे बालपण गिरगावातील चाळीत गेले. तेथे अंगण म्हणजे सामाईक गॅलरी आणि बाग म्हणजे कठड्यावरील डब्यातली तुळस. बी. ए. ला मराठी वाङ्मय घेतले असल्यामुळे वसंत ऋतूशी माझी ओळख होती; पण ती कोकिळा, आम्रमोहोर आणि पळसफुले एवढ्यापुरतीच. २०२२ च्या जूनमध्ये माझी पत्नी या तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाली आणि तिने शाळेच्या गावातच घर घेतले. मी नोकरीनिमित्त जिल्ह्याच्या ठिकाणी राहात असे आणि शनिवारी बार्शीमार्गे एस. टी. ने घरी येत असे. गावात पत्नीला सारे ‘बाई’ म्हणतात, आणि मी अद्यापही ‘बाईंचे मालक’ या नावानेच ओळखला जातो.

घर जुन्या पद्धतीचे. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवद, पुढे अंगण आणि मागे बऱ्यापैकी मोठा परस. परसात एक थोरला कडुनिंब, एक शेवगा, पडक्या भिंतीच्या दगडांचा ढीग आणि कोपऱ्यात उकिरडा. पावसाळ्यात तेथे आपोआप हिरवे झाले, थंडीत ते वाळले. फाल्गुन लागला तेव्हा मात्र मी मनाशी ठरविले की, यंदा वसंतात या परसाचे नंदनवन करावयाचे.

२०२३ सालचा पाडवा २२ मार्चला होता. त्याच आठवड्यात मी बार्शीहून मोगरा, जास्वंद, पेरू, लिंबू अशी बारा रोपे आणली. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा, वर्तमानपत्र वगैरे आटोपून दहाच्या सुमारास कामास आरंभ केला. कडुनिंबाचा पालापाचोळा लोटून त्याला काडी लावली, वीतभर खोल खड्डे घेतले, रोपे लावली आणि हापशावरून पाणी आणून घातले. दुपारी दोनपर्यंत अंगात कणकण आली, डोके ठणकू लागले आणि तो सबंध दिवस मी ओल्या टॉवेलाखाली काढला. चैत्र संपेपर्यंत बारांपैकी अकरा रोपे वाळून गेली. उरले ते एक लिंबू, आणि ते मोरीच्या पाण्याजवळ होते म्हणून.

यात रोपांचा दोष नव्हता. चूक होती ती पंचांगाची, म्हणजे माझ्या डोक्यातील पंचांगाची. बागकामाची जी इंग्रजी पुस्तके शहरात आपल्या हाती येतात, ती थंड देशांत लिहिलेली असतात. तेथे वसंतात बर्फ वितळते, जमीन ओलावते आणि मग खणणे, पेरणे, लावणे यांची घाई उडते. आपल्या वर्तमानपत्रांतील बागकामाची सदरेही पुष्कळदा त्याच वळणावर जातात. परंडा तालुका अवर्षणप्रवण आहे. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. रब्बीची ज्वारी निघाली की काळ्या रानाला भेगा पडू लागतात आणि सीनेचे पात्र आटत जाते. सीना-कोळेगाव प्रकल्पाचे पाणी ज्यांच्या वाट्यास येते त्यांची गोष्ट निराळी; पण गावातल्या परसाला आधार तो हापशाचा आणि घरच्या सांडपाण्याचा. अशा भूमीत वसंत हा लावणीचा ऋतू नव्हे. तो आवराआवरीचा, डागडुजीचा आणि मृगाच्या तयारीचा ऋतू आहे. ही गोष्ट गावातील शेंबडे पोरही जाणते. मला ती पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर समजली.

समजावून दिली ती शेजारच्या आजींनी. माझा पहिला उद्योग त्या आपल्या ओट्यावरून मुकाट्याने पाहात होत्या. रोपे वाळल्यावर एक दिवस म्हणाल्या, “बाईंच्या मालकांनी लई घाई केली. आता खड्डं तेवढं घ्या. झाड मिरगात लावा.” त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कृषी सहायकांनाही विचारून पाहिले, दोघांच्या सांगण्यात फारसा फरक आढळला नाही. खड्डे चैत्र-वैशाखात घ्यावयाचे, दोन ते तीन फूट लांब, रुंद आणि तेवढेच खोल. खाली मुरूम लागल्यास तो काढून बाजूस टाकावयाचा. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्यावयाचा, म्हणजे किडींची अंडी व बुरशी पुष्कळशी नाश पावते. मग चांगली माती, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड यांनी तो भरावयाचा आणि मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली की रोप लावावयाचे. माझ्या वीतभर खड्ड्यांत रोपांच्या मुळ्यांना तापलेल्या मातीखेरीज काहीच मिळाले नव्हते.

पालापाचोळ्याची गोष्टही अशीच. माघ-फाल्गुनात कडुनिंब जुनी पाने टाकतो आणि चैत्रात तांबूस पालवी व पांढरा फुलोरा धरतो. तो फुलोरा आपण पाडव्याला गुळाबरोबर खातो आणि त्याच झाडाची पाने दुसऱ्या दिवशी जाळतो! आजींच्या घरी सावलीत वाळवलेला निंबाचा पाला धान्य साठविताना थराथरांत घालतात. उरलेला पाला झाडाच्या बुडाशी पसरतात, म्हणजे ऊन थेट जमिनीवर पडत नाही आणि घातलेले पाणी चार दिवस टिकते. त्याहूनही उरला तर तो खताच्या खड्ड्यात जातो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे यांनी रूढ केलेली खताची टाकी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच आणि भिंतींना हवेसाठी भोके. पाला, शेण आणि माती यांचे थर देऊन ती भरली व ओलसर राखली की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ज्या घरी गुरे उरलेली नाहीत, त्यांना ही टाकी विशेष सोयीची, कारण तीत शेण थोडे लागते.

कामाची वेळ हाही एक धडाच होता. चैत्रात गावाचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि कष्टाची कामे आठ-साडेआठला संपतात. पुन्हा कामाला हात लागतो तो उन्हे उतरल्यावर. मधल्या वेळात लिंबाखाली बसलेला माणूस आळशी आहे, असा ग्रह मी पहिल्या वर्षी करून घेतला होता. आपल्या कार्यालयांच्या आणि बैठकांच्या वेळा कोणी ठरविल्या असाव्यात, असा प्रश्न त्यानंतर मला अनेकदा पडला. पण तो येथे नको.

फांद्यांची छाटणीही याच दिवसांतली. शेवग्याच्या शेंगा संपल्या की तो वरून छाटावा, नाहीतर झाड ताडासारखे वाढते आणि शेंगा हाती लागत नाहीत. फांदी तोडण्याविषयी या तालुक्यातील माणसाला अधिक सांगणे म्हणजे आगाऊपणाच होईल. डोमगावला सीनाकाठी ज्यांची समाधी आहे, त्या कल्याणस्वामींना हे नाव विहिरीवर आलेली फांदी तोडता तोडता पाण्यात पडल्यावर मिळाले, अशी कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आला आहात.

आता दगडांच्या ढिगाकडे वळतो. तो ढीग मी हलविला तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगा मदतीला होता. आजींनी आदल्याच दिवशी सांगितले होते, “दगूड आपल्याकडं ओढून उलटावा, म्हंजी इचू पलीकडं पळतो.” मी ते हसण्यावारी नेले. मुलाने दगड पुढे ढकलला, उघडी फट त्याच्याच बाजूला झाली आणि त्याच्या बोटाला विंचवाने दंश केला. लहानसा तांबूस विंचू होता. अर्ध्या तासात मुलाला दरदरून घाम सुटला, वांती झाली आणि हातपाय गार पडू लागले. कोणी मंत्र घालणाऱ्याचे नाव सांगितले, कोणी कांदा चोळावयास सांगितला. आजी मात्र म्हणाल्या, “दवाखान्यात न्या, येळ घालवू नका.” शेजारच्या तरुणाने मोटारसायकल काढली. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा घरी आला.

ही गोळी रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर वापरून तिचा गुण दाखवून दिला. लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते आणि त्यामुळे पूर्वी, विशेषतः लहान मुले, दगावत असत. या उपचारामुळे ते प्रमाण पुष्कळच खाली आले. ग्रामीण भागात राहून केलेल्या या कामाबद्दल त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. माझी येथील सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे की, फाल्गुन-चैत्रात शाळेच्या वा समाजमंदिराच्या आवाराची सफाई मुलांकडून करून घेताना दगड, गोवऱ्या आणि लाकडे यांना मुलांचे हात लागू देऊ नयेत. ते काम मोठ्यांनी, पायात जोडा घालून व हाती काठी घेऊन करावे. जवळच्या आरोग्य केंद्रात ही गोळी आहे की नाही, याची चौकशी उन्हाळ्याच्या आधीच करून ठेवावी.

माळवदाविषयी थोडे अधिक बोलणे अगत्याचे आहे. पावसाळ्यापूर्वी माळवदावरचे गवत मुळासकट काढणे, पांढरी माती पसरणे, ती चोपून घट्ट करणे आणि पन्हळी मोकळ्या करणे ही या भागातील जुनी रीत. घरमालकांनी पहिल्या उन्हाळ्यात दोन ट्रॉल्या माती आणून टाकली, तेव्हा आता छप्पर गळणार नाही म्हणून मी समाधान मानले. परंतु दरवर्षी नवी माती चढत गेली आणि जुनी खरडून काढली नाही, तर डोक्यावरचे ओझे वाढतच जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. त्यात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यांतील फार मोठा भाग अशाच मातीत बांधलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गाडला गेला. परंडा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून ते आठवावयाचेच नाही असे नव्हे. आमच्या घरमालकांशी बोलून दुसऱ्या वर्षी आम्ही आधी जुना थर खरडून उतरविला. उतरविलेल्या मातीचे ढिगारे पाहून तेही थक्क झाले. इतकी वर्षे आपण कशाखाली निजत होतो, असे ते म्हणाले. ती माती परसातील खड्ड्यांच्या कडेला आळी बांधण्यास उपयोगी पडली.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. शाळाशाळांतून परसबागा झाल्या आहेत आणि त्यांतील भाजी पोषण आहारात जाते, हे चांगलेच आहे. पण आपले शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऐन मे महिन्यात शाळेला कुलूप असते. झाडे लावण्याचा उत्साह मार्चमध्ये आला तर पुढचे दोन महिने पाणी कोण घालणार? पत्नीच्या शाळेत मार्चमध्ये केवळ खड्डे, खत आणि काट्यांचे कुंपण एवढेच करतात. हात धुण्याच्या नळाचे पाणी चरातून एका आळ्यात सोडले आहे आणि त्या आळ्यातील कढीपत्ता व शेवगा तेवढे सुट्टीत जगतात, कारण नळ गल्लीतील लोकही वापरतात. रोपे जूनमध्ये, प्रवेशोत्सवानंतर, मुलांच्या हस्ते लावली जातात.

आणखी एक आठवण सांगून थांबतो. २५ मार्च २०२० रोजी पाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आम्ही तेव्हा येथे नव्हतो, पण गावातील लोक सांगतात की, त्या चैत्रात पुण्या-मुंबईहून परतलेल्यांनी कित्येक वर्षे बंद असलेली घरे उघडली. परसात पुरुषभर उंच वाळलेले गवत, माळवदावर उगवलेली झुडपे आणि हाती नोकरी नाही. ज्यांनी कधी खोरे धरले नव्हते अशा तरुणांनी त्या दोन महिन्यांत परस साफ केले, खड्डे खणले. जून उलटल्यावर त्यांतील बहुतेक परत गेले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण गल्लीत चालताना आजी दाखवितात : हा पेरू अमक्याच्या पोराने लावलेला, ते सीताफळ तमक्याच्या. झाडांना पाणी आजी आणि त्यांच्यासारख्या इतर जणी घालतात.

आमच्या परसात या वर्षी पाच खड्डे घेतले आहेत, बारा नव्हे. ते सध्या उन्हात तापत पडले आहेत. दगडांचा ढीग अर्धा अजून तेथेच आहे. येत्या रविवारी पहाटे तो हलवावयाचा बेत आहे. मुलगाही येणार म्हणतो, पण तो दूर उभा राहून विजेरी धरणार आहे.