केडगावची मुक्ती-मंडळी : पंथाविना उपासना

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर ही गावे नकाशावर मध्य प्रदेशात असली, तरी त्यांच्या घराघरांतली बोली मराठी आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा दक्षिण भाग मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण कचेरीची भाषा हिंदी आणि माजघराची भाषा मराठी ही विभागणी काही बदलली नाही. व्यवहाराची भाषा एक आणि मनाची भाषा दुसरी, हा अनुभव ज्यांच्या नित्याचा आहे अशा वाचकांना आजचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कारण देवाशी कोणत्या भाषेत बोलावे, आणि कोणाच्या परवानगीने बोलावे, हाच त्या विषयाचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुधा कोणत्या ना कोणत्या परदेशी मिशनच्या आश्रयाने. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशन, नागपुरात स्कॉटिश मिशन, छिंदवाडा-बैतूलकडे स्वीडनचे ल्यूथरन मिशन, अशी प्रदेशांची वाटणी होती. ज्या भागात जे मिशन आले त्याचा पंथ तिथल्या ख्रिस्ती माणसाच्या नावापुढे लागला. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी झालेल्या वादांचे वारसदार इथली खेडूत माणसे झाली, आणि त्या वादांत आपण कोणत्या बाजूला आहोत हे त्यांना कोणी विचारलेही नव्हते. या रिवाजाला ज्यांनी जाणीवपूर्वक नकार दिला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी जी मुक्ती-मंडळी उभी केली, ती कोणत्याही पंथाच्या छत्राखाली नव्हती.

हा नकार कसा घडला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. क्षेत्रोक्षेत्री फिरत पुराण सांगणाऱ्या या कुटुंबावर १८७० नंतरच्या दुष्काळात घाला पडला. आईवडील आणि बहीण भुकेने व आजाराने गेली. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. पाठोपाठ भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला, पण पंडिता मुकाट्याने मान तुकविणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या जोगिणींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. येशूचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धान्त यांविषयी त्यांनी त्यात निर्भीडपणे शंका विचारल्या. ख्रिस्ताचे शिष्यत्व आपण पत्करले आहे, प्रत्येक बिशपच्या शब्दाचे दास्य पत्करलेले नाही, असा त्यांच्या पत्रांचा एकूण सूर आहे. याच काळातला एक प्रसंग लहान पण अर्थपूर्ण आहे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. त्यास रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिन ही संस्कृतापेक्षा अधिक पवित्र आहे काय, असा त्यांचा रोख होता. ज्या भाषेचा एक शब्द आपल्या देशभगिनींना कळत नाही ती भाषा गळ्यात मिरविण्यात त्यांना भक्ती दिसली नाही. इंग्लंड-अमेरिकेत नाना पंथांची माणसे त्यांना भेटली. प्रत्येक जण आपलाच मार्ग खरा म्हणून सांगे. लहानपणी तीर्थक्षेत्री शैव-वैष्णवांचे वाद ऐकलेल्या बाईला या गजबजाटाचे अप्रूप वाटण्याजोगे नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण द्यावे, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, ही सदनाची घोषित भूमिका होती आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, पण खोलीचे दार त्या उघडे ठेवीत. काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले.

हा वाद आजही सहज निकालात काढता येण्यासारखा नाही. दार बंद करून प्रार्थना करणे म्हणजे आपली श्रद्धा लपविणे, असे रमाबाईंना वाटे. आपल्या मुली विश्वासाने सोपविणाऱ्या पालकांना मात्र ते उघडे दार वचनभंगासारखे दिसले. एकीकडे सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि दुसरीकडे दिलेला शब्द, अशी ही ओढाताण होती. रानड्यांसारखा समंजस सुहृद दूर जावा यातच तिचे गांभीर्य स्पष्ट होते.

याच सुमारास रमाबाईंच्या अंतःकरणातही बदल झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, अशा आशयाचे निवेदन त्यांनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत केले आहे. ‘साक्ष’ हा मराठी ख्रिस्ती उपासनेतला विशेष शब्द आहे. आपल्या आयुष्यात देवाने काय केले हे मंडळीसमोर उभे राहून सांगणे, हा त्याचा अर्थ. मुक्तीच्या उपासनेत पुढे या साक्षीला मोठे स्थान मिळाले.

मुक्तीची खरी पायाभरणी दुष्काळाने केली, आणि इथे या कथेचा धागा मध्य प्रांताशी येऊन मिळतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील हालांची वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. नर्मदेच्या खोऱ्यातील अन्नछत्रे आणि दुष्काळी कामे त्यांनी पाहिली. निराधार मुलींची तिथे कशी विटंबना होते तेही पाहिले. ज्या उपासमारीने आपले आईबाप नेले तीच पुन्हा समोर उभी होती. सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर आणण्यात आले. १८९८ मध्ये तिथे ‘मुक्ती’ या नावाने वसाहत उभी राहिली. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि वस्ती सुमारे २,००० वर गेली. आज ज्याला मध्य प्रदेश म्हणतात त्या मुलखातील हिंदी बोलणाऱ्या मुली अशा रीतीने मराठी गावात येऊन पोचल्या आणि मराठी प्रार्थना शिकल्या. सीमाभागातील माणसाला हा उलटा प्रवास सहज कळावा.

या मंडळीची श्रद्धा काय होती? तिचा विस्तार फार नव्हता. पवित्र शास्त्र हाच अंतिम आधार, येशू ख्रिस्तावर विश्वास हाच तारणाचा मार्ग, आणि अंतःकरण पालटल्याशिवाय नुसता बाप्तिस्मा पुरेसा नाही, या तीन गोष्टींवर तिचा भर होता. बाप्तिस्म्यासाठी मुलींना भीमा नदीवर नेत असत. तीच भीमा खाली पंढरपुरी जाऊन चंद्रभागा होते, हे मराठी श्रोत्यास वेगळे सांगावयास नको. खर्चाच्या बाबतीत कोणत्याही मिशनच्या ठरावीक अनुदानावर ही वसाहत उभी नव्हती. गरज प्रार्थनेत मांडावी आणि जे येईल त्यावर चालवावे, असा नियम होता. तरीही ही श्रद्धा हात जोडून बसणारी नव्हती. शेती, विहिरी, गोठा, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुलीच करीत. उपासना आणि कष्ट यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हती.

उपासनेचे बाह्य रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रशस्त प्रार्थनामंदिरात बायका-मुली जमिनीवर मांडी घालून बसत. प्रार्थनेत छापील पाठाचा आग्रह नव्हता. जिला जे सुचेल ते तिने आपल्या बोलीत बोलावे. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी आवाहन केले, तेव्हा ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. जूनअखेर तिथे जे घडले त्याची वार्ता जगभर गेली. मुली आपल्या चुका उघडपणे कबूल करू लागल्या, रडू लागल्या, शेकडो कंठ एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागले. काही काळाने अनोळखी भाषांत बोलण्याचेही प्रकार घडले. पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या काही मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाई सावध होत्या. तथापि भारतीय माणसाने आपली भक्ती इंग्रजी रीतीनेच व्यक्त केली पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. दुःखात मोकळेपणी रडणारी आणि आनंदात टाळ्या वाजविणारी माणसे देवापुढे येताच अबोल का व्हावीत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून सर्वांत आवर्जून सांगावे असे कार्य मात्र ग्रंथाचेच आहे. मराठी बायबल त्या काळी उपलब्ध होते. पण त्याची भाषा खेड्यातील, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला जड जाते, असे रमाबाईंना आढळले. तेव्हा उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होती त्या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळले आणि साधी मराठी पत्करली. त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनी जुळविले आणि छपाईही त्यांनीच केली. एकेकाळी ज्यांना अक्षर वर्ज्य होते त्यांच्या हातून धर्मग्रंथ छापला जावा, ही घटना मराठी मुद्रणाच्या इतिहासातही नोंदविण्यासारखी आहे. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पंथातीत ख्रिस्ती मंडळीचा दुसरा मराठी प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. टिळक तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून ख्रिस्ताकडे आले होते, त्यामुळे जुन्या भक्तीचे धन त्यांनी बरोबर आणले. रमाबाईंनी जुन्या शास्त्रांशी बहुतांशी फारकत घेतली. टिळकांचे साधन भजन, रमाबाईंचे साधन साधे गद्य आणि काम. मे १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले, त्यांची भजने मात्र निरनिराळ्या पंथांच्या मराठी देवळांत गायिली जाऊ लागली. केडगावची संस्था टिकली आणि आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करीत आहे.

शेवटी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाच पाहिजे. रमाबाईंनी बिशपांना, पंडितांना आणि सुधारकांना ठणकावून सांगितले की माझ्या श्रद्धेचा निर्णय मी करीन. तेवढेच स्वातंत्र्य दुष्काळातून आलेल्या पोरक्या मुलीला मुक्तीत होते काय? जी अन्न देते, अक्षर देते, तिचा देव नाकारण्याचे बळ दहा-बारा वर्षांच्या मुलीत कोठून यावे? या प्रश्नाने रमाबाईंचे मोठेपण उणे होत नाही. पण पंथाचे जू उतरविले म्हणजे सत्तेचे जू आपोआप उतरते असे नाही, हे त्यातून कळते. आपल्या मुलींच्या हाती वाचता येणारा ग्रंथ आणि पोट भरणारा हुन्नर देऊन रमाबाईंनी या प्रश्नाच्या उत्तराची सोयही, कदाचित नकळत, करून ठेवली. जिला स्वतः वाचता येते तिला उद्या स्वतः ठरविताही येते.

ग्रंथालयाचे कामही याहून फार निराळे नाही. त्याच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी रमाबाईंचे प्रवासवृत्त आणि टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ नांदू शकते. वाचकाला कोणी त्याचा पंथ विचारीत नाही. राज्याच्या सीमा बदलल्या, जिल्ह्यांची नावे बदलली, तरी ज्या भाषेत आजीने देवाचे नाव घेतले ती भाषा या कपाटांत सुरक्षित राहिली.