उडताना मशीन बंद पडलं तर?

(मढ येथील महिला मंडळाच्या बैठकीतील भाषण)



वर्सोव्याहून तरीने येताना टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी आभाळातलं विमान दाखवून मला विचारलं, "ताई, आमच्या बोटीचं मशीन बंद पडलं तर नांगर टाकतात. त्याचं बंद पडलं तर?" आज त्यावरच बोलते.

प्रवासी जेट विमान एका इंजिनावरही वर चढू शकेल असंच बांधलेलं असतं. उडण्यापूर्वी दोघे वैमानिक काय बिघडलं तर कोणी काय करायचं, हे मोठ्याने बोलून घेतात. धावपट्टीवर एक ठरलेला वेग असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याआधी बिघाड झाला तर थांबायचं. तो ओलांडला की थांबायला धावपट्टी पुरत नाही, उडायचंच. म्हणून त्या क्षणी कॅप्टन इंजिनाच्या दांड्यावरचा हात काढून घेतो. थांबण्याचा मोहच नको!

वर गेल्यावर घाई करायची नाही. एकाने फक्त विमान सरळ ठेवायचं. उंची मिळाली की दुसऱ्याने बिघडलेल्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून कुठलं ते बोलायचं, पहिल्याने बघून होकार द्यायचा, मगच ते बंद करायचं. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत उड्डाणानंतर लगेच एक इंजिन गेलं आणि घाईत चालूच इंजिन बंद केलं गेलं. 43 माणसं गेली.

19 जून 2022 ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनावर पक्षी आदळला. धूर दिसतोय हे कंट्रोल टॉवरने कळवलं. कॅप्टन मोनिका खन्ना आणि त्यांच्या सहवैमानिकाने ते इंजिन बंद केलं आणि विमान परत उतरवलं. 185 प्रवासी सुखरूप. लगेच सगळीकडे 'रणरागिणी'! आपल्यापैकीही काहींनी तसंच लिहिलं. मला ते खटकतं. बाईला देवी केलं की तिचं शिक्षण, पुनःपुन्हा केलेला सराव, शेजारच्याचा होकार, सगळं पुसलं जातं. 1985 साली सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर विमान नेलं. त्या दोघी काय अंगात येऊन उडवत होत्या?

सराव असूनही सगळं हातात नसतं, हेही मावशींना सांगितलं. 12 ऑक्टोबर 1976 ला सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेल विमानाचं उजवं इंजिन उडताच फुटलं. आतल्या चकतीचा धातू थकलेला होता. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली, आग लागली. वैमानिक परत वळले, पण आगीने हायड्रॉलिक्स गेले आणि विमान ताब्यात राहिलं नाही. 95 पैकी कोणीही वाचलं नाही.

मावशी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे उडायच्या आधी मशीन तपासतं कोण, ते बघाया पायजे."

इंजिन उघडून बघणाऱ्यांत आपल्या मुली किती आहेत? इथल्या कोणाची मुलगी आयटीआयला असेल, तर तिनेच आता पुढे येऊन बोलावं.